एआय बनवताना समोरच्या माणसाचे हक्क कसे जपायचे? नागपुरातल्या लहान-मध्यम कंपन्यांसाठी टप्प्याटप्प्याने

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर चेहरा ओळखून हाजरी लावणारे यंत्र बसवायचे आहे, असे समजा. माहितीपत्रकात लिहिलेले असते, ‘९८ टक्के अचूक’. ऐकायला छान वाटते. आता हिशेब मांडा. ४०० कामगार, येताना एकदा, जाताना एकदा, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे महिन्याला २०,८०० वेळा चेहरा तपासला जाणार. त्यातले दोन टक्के चुकले, की ४१६ वेळा यंत्र आपल्याच माणसाला ओळखणार नाही.

हे ४१६ सगळ्यांत सारखे वाटले गेले तर माणशी महिन्याला जेमतेम एक वेळ येते, कोणी मनावरही घेणार नाही. पण चुका तशा वाटल्या जात नाहीत. सावळ्या वर्णाच्या बाया, उन्हाने रापलेले हमाल, चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण असलेला वेल्डर, अशाच ठरावीक तीसेक जणांवर त्या पुन्हा पुन्हा पडतात. मग एकेकाच्या वाट्याला महिन्याला चौदा. कधी लेट मार्क, कधी अर्धी हाजरी, कधी पूर्ण खाडा. सरासरीत ते कुठेच दिसत नाही, पगाराच्या दिवशी मात्र दिसते.

या लेखातला प्रत्येक टप्पा एकाच प्रश्नाभोवती आहे: यंत्र चुकले तर भोगणार कोण? कंपन्यांची जोखमीची यादी बहुधा स्वतःपासून सुरू होते: दंड, बदनामी, ग्राहक जाणे. हक्कांची यादी गेटवर उभ्या माणसापासून सुरू करायची असते. उदाहरण म्हणून हेच हाजरीचे यंत्र घेऊ. कर्ज, नोकरभरती, आवाजावर चालणारी हेल्पलाईन यांनाही हेच टप्पे लागू पडतात.

आधी पाया, थोडक्यात

जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची ३१ मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. ती संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केली होती. सरकारने हक्कांचे रक्षण करायचे, उद्योगाने हक्कांचा आदर राखायचा आणि नुकसान झालेच तर माणसाला दाद मिळाली पाहिजे, असा त्यांचा गाभा. कंपनी वीस जणांची आहे म्हणून सूट नाही. आकार लहान तर पद्धत साधी असू शकते, एवढेच. देशाचा कायदा पाळला म्हणजे काम संपले, असेही ती तत्त्वे मानत नाहीत.

आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसाय वर्तनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातले पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार त्यावर अहवाल द्यावा लागतो. तुमचा ग्राहक त्यांतला असेल, तर उद्या हेच प्रश्न तो तुम्हाला विचारणार आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. नागपूरचे शरद बोबडे त्या पीठावर होते. पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. ती संपायची वाट पाहू नका. यंत्रणा एकदा उभी राहिली, की मागे जाऊन डेटा काढणे नव्याने बांधण्याइतकेच महागात पडते.

पहिला टप्पा: हे बनवायचे का?

काही कामे सुरुवातीलाच नाकारायची. चेहऱ्यावरून ‘कामगार नाखूश आहे का’ हे ओळखणारे, आवाजावरून ‘खोटे बोलतो का’ हे सांगणारे, चेहऱ्यावरून किंवा नावावरून जात-धर्म ताडणारे. भावना ओळखण्याच्या दाव्याला पक्का शास्त्रीय आधार नाही. कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी अशी यंत्रे वापरायला युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. औषधोपचार आणि सुरक्षिततेपुरता अपवाद ठेवला आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातून युरोपात काही विकायचा विचार असेल तर हे मुद्दाम लक्षात ठेवा.

उरलेल्या कामांसाठी एका पानावर चार गोष्टी लिहून काढा. यंत्र नेमका कोणता निर्णय घेणार? तो निर्णय आज कोण घेतो? चुकला तर कोणाचे काय जाते? आणि एआय नसलेला साधा मार्ग आहे का? हाजरीच्या बाबतीत कार्ड आणि टाईमकीपर एवढ्यावर काम भागत असेल, तर चेहरा गोळा करण्याचे कारण उरत नाही. ‘ठेकेदाराने मागितले’ हे कारण त्या पानावर चालत नाही. फेस टेम्प्लेट, म्हणजे चेहऱ्यावरून यंत्राने काढलेली आकड्यांची खूण, चोरीला गेले तर पासवर्डसारखे बदलता येत नाही. माणसाला जन्मभर तोच चेहरा वागवायचा असतो.

दुसरा टप्पा: ज्यांच्यावर यंत्र चालणार, त्यांच्याशी बोला

बहुतेक प्रकल्प हा टप्पा गाळतात आणि तिथेच फसतात. बैठक कारखान्याच्या सभागृहात, ठेकेदारासमोर घेतली तर सगळे ‘चांगलं हाये साहेब’ म्हणून उठून जातात. म्हणून जागा बाहेरची घ्या, वस्तीतले समाजमंदिर किंवा गेटपासून दूरची टपरी. वेळ पाळी सुटल्यानंतरची. बायांशी वेगळे बोला, बोलणारीही बाईच असू द्या. मुकादम नको. रोजंदारीवरच्या माणसाचे दोन तास घेतले, तर त्या दोन तासांचे पैसे द्या.

प्रश्न यंत्राबद्दल विचारू नका, दिवसाबद्दल विचारा. पाळी बदलताना गेटवर किती वेळ जातो? पैशे कमी आले त कोनाले सांगता? मुकादमाशी वाजलं तर हाजरी कोण लावतो? पंधरा-वीस जणांशी असे बोलले, की यादी आपोआप तयार होते. उन्हाळ्यात नागपूरच्या बाया दुपट्ट्याने पूर्ण तोंड बांधून येतात. पारा ४५ वर असताना गेटवर दुपट्टा सोडून उभे राहायला लावणे हा रोजचा त्रास आहे. काहींना अनोळखी पुरुष गार्डसमोर तोंड उघडायचे नसते. उन्हात टांगलेला टॅबलेट तापून बंद पडतो. सकाळी पावणेसातचे ऊन येणाऱ्याच्या पाठीमागून येत असेल, तर कॅमेऱ्याला माणूस नुसता काळा आकार दिसतो. यातले काहीही ऑफिसात बसून सुचत नाही.

तिसरा टप्पा: धोके उतरत्या क्रमाने लावा

गांभीर्य तीन गोष्टींवरून ठरते: इजा किती खोल, किती जणांना, आणि ती भरून निघते का. नफा-तोटा यात येत नाही. शक्यता कमी असली तरी न भरून येणारी इजा वर ठेवा. हाजरीच्या यंत्राची आमची मांडणी अशी असेल: मजुरी बुडणे सगळ्यात वर. त्यानंतर हाच डेटा दुसऱ्या कामाला जाणे, म्हणजे युनियनच्या सभेला कोण गेले हे शोधायला, किंवा काळी यादी करून दुसऱ्या ठेकेदाराला द्यायला. मग डेटाची चोरी. लघवीला किती वेळा गेले याची मोजणी सुरू होणे ही माणसाच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे, तीही यादीत असलीच पाहिजे. नागपुरात महापालिकेच्या सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे दिली गेली तेव्हा नजर कुठवर ठेवायची हा प्रश्न याच शहरात उभा राहिला होता.

प्रत्येक धोक्यापुढे एका माणसाचे नाव आणि तारीख लिहा. ‘टीम’ असे लिहिलेले काम होत नाही.

चौथा टप्पा: डेटा, आणि डेटावर काम करणारे हात

कामगाराची संमती घेतली, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सही न करणाऱ्याला उद्या काम मिळणार नसेल, तर त्या सहीला संमती म्हणता येत नाही. नोकरीच्या काही कारणांसाठी कायदा संमतीशिवायही डेटा वापरू देतो. म्हणूनच मर्यादा तुम्ही स्वतः घालायची. चेहरा न देणाऱ्यासाठी कार्डाचा पर्याय ठेवा, आणि कार्डवाल्याला रांगेत मागे ढकलले जात नाही ना, ते पाहा. सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजातही द्या. कायद्यात संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत सूचना मिळण्याची सोय आहे. गोंडी त्या अनुसूचीत नाही. गोंडी बोलणारे मजूर असतील तर ती सोय आपल्याला करावी लागेल.

फोटो साठवू नका, टेम्प्लेट साठवा, तेही कूटबद्ध करून. नोंदणीचा मूळ फोटो टेम्प्लेट तयार झाल्यावर काढून टाका. माणूस काम सोडून गेला, की ठरल्या दिवसांत टेम्प्लेट पुसा. नियमांनुसार काही नोंदी किमान वर्षभर ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या हे वकिलाकडून ठरवून घ्या आणि रोजच्या यंत्रणेपासून वेगळ्या कुलपात ठेवा.

लेबलिंगच्या, म्हणजे यंत्राला शिकवायला फोटोंवर खुणा-नावे लावण्याच्या कामाकडेही बघा. दर फोटोमागे ठरलेले पैसे देताना सगळ्यात चपळ पोराचा वेग धरला जातो. मधल्या माणसाला किती वेळ लागतो ते मोजा, त्यावरून तासाचा दर काढा आणि तो किमान वेतनाशी ताडून पाहा. हिंसा किंवा अश्लील मजकूर छाटायचा असेल तर रोजचे तास बांधून द्या, आणि कामाचे स्वरूप आधी स्पष्ट सांगा.

पाचवा टप्पा: चाचणी, गटागटाने

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि खायलाच हवा. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. एकूण आकडा पाहणाऱ्याला हे दिसलेच नसते.

म्हणून निकाल गटागटाने काढा: बाया आणि पुरुष, वय, वर्ण, सकाळची आणि रात्रीची पाळी, दुपट्टा किंवा हेल्मेट, चेहऱ्यावर व्रण किंवा व्यंग. गटात माणसे किती घ्यायची? सोपा ठोकताळा असा: ३० प्रयत्नांत एकही चूक नाही दिसली, तरी खरा चुकीचा दर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३०० प्रयत्नांत शून्य चूक असेल तेव्हा कुठे ‘एक टक्क्याच्या आत’ असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. तेही निरनिराळ्या माणसांवरचे प्रयत्न हवेत. दहाच जणांचे तीस-तीस फोटो काढून ३०० भरत नाहीत.

आवाजाच्या प्रणालीत नुसती शब्दांची चूक मोजून भागत नाही. कामगार हेल्पलाईनवर म्हणतो, “मले मागच्या हप्त्याचे पैशे भेटले नाई.” शब्द सहा. यंत्राने शेवटचा ‘नाई’ गाळला, बाकी सगळे बरोबर लिहिले. शब्दांची चूक सुमारे १७ टक्के, आणि अर्थ पूर्ण उलटा: पैसे मिळाले, तक्रार बंद. ज्या प्रणालीने पुण्या-मुंबईची छापील मराठीच ऐकली आहे, तिला ‘मले’, ‘काहून’, ‘करून रायलो’ ओळखीचे नसते. वऱ्हाडी बोलणाऱ्यांचा वेगळा चाचणीसंच करा, आणि त्यात नकार, रक्कम, तारीख आणि नाव या चार गोष्टी चुकल्या का, ते वेगळे मोजा.

निवड करणारी प्रणाली असेल, भरती किंवा कर्जाची, तर अदलाबदलीची चाचणी घ्या. दोनशे अर्ज घ्या, त्यात फक्त आडनाव आणि वस्ती बदला, बाकी एक अक्षरही बदलू नका. मेश्राम, गजभिये यांच्या जागी देशपांडे, जोशी. इंदोऱ्याच्या जागी धरमपेठ. अन्सारी आणि उइके यांच्यासाठीही तसेच. गुण हलले, तर प्रणाली जात-धर्म शिकली आहे. आडनावाचा रकाना काढून टाकल्याने प्रश्न सुटत नाही. पिनकोड, शाळेचे नाव, कधी गावाचे नावही तेच काम करते. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी जन्माने चिकटवलेली पायरी नाकारली, तिथे ती पायरी कोडमधून परत येऊ देणे आम्हाला मान्य नाही. एका बड्या अमेरिकी कंपनीच्या भरती प्रणालीचे काय झाले ते २०१८ मध्ये जगासमोर आले: जुन्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवरून शिकल्यामुळे ती ‘महिला’ हा शब्द असलेल्या अर्जांचे गुण कापत होती. कोणी तसे लिहून दिले नव्हते.

निवडीचा दरही पाहा. १०० पुरुषांतून ५० निवडले, ६० बायांतून १८. म्हणजे ५० टक्के आणि ३० टक्के. भागाकार ०.६. तो ०.८ च्या खाली गेला तर थांबून कारण शोधायचे. हा अमेरिकेतला जुना ठोकताळा आहे, आपल्या कायद्यातला नाही, पण धोक्याची घंटा म्हणून उपयोगी पडतो.

एक अडचण खरी आहे: भेदभाव तपासायला जातीची माहिती लागते, आणि ती गोळा करणे हाच एक धोका. मार्ग असा, की फक्त चाचणीसाठी, स्वेच्छेने दिलेली माहिती घ्यावी, ती मूळ डेटाबेसला जोडू नये, एखाद्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागासारख्या बाहेरच्या हातात ठेवावी, आणि कंपनीकडे फक्त गटाचे आकडे यावेत.

थांबायची रेघ चाचणीआधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, कोणत्याही गटात आपल्या माणसाला नाकारण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीवर गेले, तर यंत्र मजुरीला जोडायचे नाही. आकडे हातात आल्यावर रेघ आखली, की ती नेमकी आकड्यांच्या पलीकडे पडते.

सहावा टप्पा: जुने मस्टर सोबत चालू ठेवा

पहिले चार आठवडे यंत्र फक्त नोंद घेईल, मजुरी मस्टरवरूनच निघेल. रोज दोन्ही ताडून पाहा आणि फरक माणसागणिक मांडा. जमले तर हे आठवडे मे महिन्यातले घ्या. जानेवारीत पास झालेले यंत्र मेमध्ये नापास होते. थ्रेशोल्ड, म्हणजे चेहरा किती जुळला की ‘ओळखला’ म्हणायचे ती रेघ, ठरवताना भान ठेवा: तो कडक केला की भलता माणूस आत येणे कमी होते, पण खरा माणूस बाहेर राहणे वाढते. ठेकेदार पहिल्याबद्दल बोलेल. दुसऱ्याबद्दल तुम्हालाच बोलावे लागेल.

‘शेवटी माणूसच तपासतो’ असे म्हणत असाल तर तेही तपासा. एका सुपरवायझरला आठ तासांत २४० प्रकरणे दिली, तर प्रत्येकाला दोन मिनिटे मिळतात, तीही चहा न घेता. दोनशे प्रकरणांत मुद्दाम दहा चुकीच्या शिफारशी घाला आणि तो किती पकडतो ते बघा. दोन-तीनच पकडल्या तर तो फक्त शिक्का मारतो आहे. यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या आणि फिरवल्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही, हेही लिहा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ दरम्यान बेरोजगार भत्त्याच्या संगणक प्रणालीने हजारो लोकांना फसवणूक करणारे ठरवले. माणसाच्या तपासणीशिवाय दिलेल्या निकालांपैकी सुमारे ९३ टक्के चुकीचे निघाले.

सातवा टप्पा: करार

तुमचे वजन सही होण्याआधी असते, नंतर नाही. म्हणून यंत्र घेणाऱ्या ग्राहकाशी होणाऱ्या करारातच लिहा: डेटा फक्त हाजरीसाठी, दुसऱ्या ठेकेदाराला, जाहिरातीला, पाळतीला नाही. यंत्राने नाकारले एवढ्यावरून मजुरी कापायची नाही. वापराच्या नोंदी तुम्हाला पाहता येतील. अट मोडली तर सेवा थांबवण्याचा हक्क. पोलीस किंवा अन्य खात्याने डेटा मागितला, तर लेखी आणि कायदेशीर आदेशाशिवाय देऊ नये.

मूळ मॉडेल दुसऱ्या कंपनीचे असले तरी ‘ते आमचे नाही’ म्हणता येणार नाही. गेटवर ते तुम्ही लावले आहे. त्या कंपनीकडे भारतीय चेहऱ्यांवरचे किंवा मराठीवरचे गटवार निकाल मागा. नाही म्हणाले, तर पाचव्या टप्प्यातली चाचणी दुप्पट काळजीने करा.

आठवा टप्पा: चुकल्यावर दाद

कायद्याच्या नियमांत तक्रार निकाली काढायला ९० दिवसांपर्यंतची कमाल मुदत आहे. रोजंदारीवरच्या माणसाला ९० दिवस म्हणजे न मिळालेला न्याय. हाजरीच्या तक्रारीत आधी मजुरी चालू करा, तपास मागाहून. ४८ तासांत उत्तर, आणि ते तोंडी समजावून.

मिस्ड कॉलचा नंबर ठेवा. फोन उचलणारा वऱ्हाडी समजणारा माणूस असावा, आणि तो पाळीच्या वेळी हजर असावा. सकाळी दहाला उघडणारी हेल्पलाईन पावणेसातच्या गेटला उपयोगाची नाही. तक्रारदाराचे नाव ठेकेदाराकडे जाऊ देऊ नका. गेले तर दुसऱ्या दिवसापासून तक्रारी बंद होतात. त्या बंद झाल्या म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजू नका. महिन्याला ४१६ वेळा यंत्राने नाकारले आणि तक्रारी तीनच आल्या, तर वाट कुठेतरी अडली आहे. ती शोधायची. डेटा फुटला तर बाधित माणसांना विनाविलंब कळवा. डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यावी लागते.

मॉडेल किंवा कॅमेरा बदलला, नवी पाळी सुरू झाली, की तोच जुना चाचणीसंच पुन्हा चालवा. तो संच प्रशिक्षणात कधीही मिसळू देऊ नका, नाहीतर निकाल दर वेळी छानच येतील.

गेटवर लावायची पाटी अशी असू द्या:

“मशीनने चेहरा नाही ओळखला तरी हाजरी बुडत नाही. मस्टरवर सही किंवा अंगठा करा. चेहरा द्यायचा नसेल तर कार्ड मागा. मजुरी कमी आली तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या, दोन दिवसांत उत्तर मिळेल. तुमचे नाव ठेकेदाराला सांगितले जाणार नाही.”

पाटी दुपट्टा बांधलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. आणि दर महिन्याला एकदा, सकाळी पावणेसातला, त्या नंबरवर स्वतः मिस्ड कॉल देऊन उलट फोन किती वेळाने येतो ते लिहून ठेवा.